खिडकीत कार्व्हर: स्टेन्ड ग्लासचं पॅनल घरी करायचं तर

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत नव्याने सांगावा लागत नाही. गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकन शेतीशास्त्रज्ञ, १८९६ पासून अलाबामात टस्कीगीला शिकवणारा, कापसाने थकलेल्या जमिनीत शेंगदाणा लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागलेला माणूस. स्टेन्ड ग्लासमध्ये, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेल्या चित्रात, करायला तो मस्त आहे कारण नुसता चेहरा काढत बसायची गरजच नाही.

बारा बाय सोळा इंचाचं ड्रॉइंग करा. वर बाजूने दिसणारा चेहरा, कोटाला फूल (ते तो कायम लावायचा, विसरू नका), खाली अर्ध्या भागात भुईमुगाचं झाड मुळांसकट. सप्टेंबरच्या आसपास वाशी मार्केटला ओल्या शेंगा येतात, कुठे झाडासकट जुडी मिळाली तर समोर ठेवूनच काढा, एका पानात चार छोटी पानं असतात आणि शेंगा मातीत लटकतात. मातीसाठी लाल, पिवळट, विटकरी तुकडे घ्या, अलाबामाच्या मातीपासून त्याने रंगही बनवले होते.

चेहऱ्याला काळी काच अजिबात नको! उजेड आरपार जात नाही, मग तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. मधाळ, अंबर, गडद तपकिरी अशा तीन-चार छटा, गालाला उजळ आणि मानेला गडद. डोळे रंगवायचे तर काचेवरचा रंग भाजायला भट्टी लागते म्हणून तर बाजूचा चेहरा.

काच ३ मिमीची. कटर फक्त रेघ पाडतो, काच मग त्या रेघेवर तोडायची; तो एकदाच फिरवायचा, त्याच रेषेवरून परत नाही, आणि आतल्या बाजूचं वळण एका झटक्यात तोडायला जाऊ नका, थोडं थोडं काढा. कडा ओल्या ग्राइंडरवर घासा, पुसा, कोरड्या झाल्या की तांब्याची टेप गुंडाळून घट्ट दाबा, मग फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावून टेपवर सोल्डर (वितळवून जोड देणारा मिश्रधातू). गॉगल हवाच, ६०/४० सोल्डरमध्ये (६० टक्के कथील) ४० टक्के शिसं असतं त्यामुळे खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर टाकणारा, पोरं दुसऱ्या खोलीत, आणि किचनच्या ओट्यावर हे काम नाही म्हणजे नाही.

झालं की साबणाने फ्लक्स नीट धुवा, राहिला तर आपल्या दमट हवेत जोडांवर हिरवट-पांढरं येतं. कडेने झिंकची पट्टी, हुक त्या पट्टीलाच सोल्डर करायचे, नुसत्या टेपला केले तर वजनाने उपटून येतील. ठाण्यात घोडबंदरकडच्या टॉवरमध्ये राहत असाल तर ग्रिलला बाहेर टांगू नका, वारा भयंकर असतो, खिडकीच्या काचेच्या आतल्या बाजूनेच साखळीने लावा, पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळचं ऊन थेट मिळतं.