कादंबरीतल्या पोराला ‘मानसिक आजार’ ठरवताना या चुका टाळा

पुस्तकातली सोळा वर्षांची मुलगी खोटं बोलते, जिवलग मैत्रिणीचं गुपित फोडते, रात्री कुणालाही न सांगता घराबाहेर पडते. शेवटचं पान यायच्या आतच एखादा वाचक म्हणतो, ‘हिला नक्की बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा बदलत राहण्याचा आजार, असणार.’ असं म्हटलं की चर्चा तिथेच थांबते. ती तशी का वागली, हे मग कुणी विचारत नाही. मला हे फार खटकतं, कारण कादंबरी तर त्या ‘का’साठीच लिहिलेली असते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे परिणाम पाहून निदान करणं. शेवट आपल्याला कळलेला असतो, तिला तो ठाऊक नसतो. म्हणून निर्णयाच्या पानावर परत जा. त्या क्षणी तिला काय माहीत होतं? सोबत कोण होतं? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला होता. मित्र शेजारी असताना 13 ते 16 वयाच्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा खूप जास्त धोका पत्करला, तर 24 वर्षांवरच्यांमध्ये तसा फरक पडला नाही. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भागही पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. तेव्हा लेखकाने मागच्या सीटवर तीन मित्र बसवले असतील, तर ते उगाच बसवलेले नसतात.

दुसरी चूक आहे पानं मोजून दिवस विसरण्याची. साठ पानांत तीन भांडणं वाचली की मुलगा सतत भडकलेला वाटतो. गोष्टीतल्या तारखा लावून पाहिल्या, तर त्या भांडणांमध्ये कधी कधी आठ महिने गेलेले असतात. कादंबरी वादळाचेच दिवस निवडते, साधे दिवस गाळते. निदानाला मात्र ते साधे दिवसही लागतात. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या नियमावलीत नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, तीही सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसावी लागतात आणि त्यांनी रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. ‘सायकोपॅथ’ या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणाऱ्या समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान तर 18 वर्षांखाली करताच येत नाही. तरी पंधरा वर्षांच्या पात्राला ‘सायकोपॅथ’ म्हणून वाचक मोकळे होतात.

दुःखाला आजार समजणं ही तिसरी. 1951 सालच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीतल्या होल्डनला वाचकांनी कितीतरी आजार चिकटवले आहेत. पाचपैकी चार विषयांत नापास, शाळेतून काढलेला, घरी न जाता शहरभर भटकणारा हा मुलगा. पण तो तेरा वर्षांचा असताना त्याचा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. हा प्रसंग बाजूला ठेवून त्याच्या चुकांची यादी केली, तर उरतो फक्त एक बिघडलेला मुलगा. त्याला नैराश्य असूही शकेल, तसं वाचायला पुस्तकात जागा आहे. तो आपली गोष्ट सांगतोही उपचारांच्या ठिकाणाहून, पण आजाराचं नाव कुठेच सांगत नाही. तेव्हा ते आपणही ठामपणे सांगू नये, असं मला वाटतं.

याच्या उलटी चूकही तितकीच वाईट: ‘वयच तसं असतं’ म्हणून सगळं झटकून टाकणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण एक तृतीयांश मानसिक आजार 14व्या वर्षाआधी आणि निम्मे 18व्या वर्षाआधी सुरू होतात. किशोरवयात नैराश्य उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपानेही दिसतं. अशा वेळी मी मोठे प्रसंग सोडून बारीक तपशील शोधते. झोप उडाली आहे का? आवडती गोष्ट कुठल्याही कारणाशिवाय सुटली आहे का? मित्रांचे फोन घेणं बंद झालं आहे का? कथानकाला गरज नसताना लेखकाने हे पुन्हा पुन्हा पेरलं असेल, तर आजाराची शंका घ्यायला जागा आहे. एकच फसलेला बेत त्यासाठी पुरत नाही.

आणि चर्चेत एखादा पंधरा वर्षांचा वाचक बसला असेल, तर शब्द जपून वापरा. त्या पात्राने केलेली चूक कदाचित त्यानेही मागच्याच महिन्यात केली असेल आणि अजून कुणाला सांगितली नसेल.