गोरखचिंच: ओळख आणि लागवड

मूळची आफ्रिकेतली ही गोरखचिंच, म्हणजे बाओबाबचं झाड. पंजासारखं पान काटेसावरीचंही असतं, म्हणून फसगत होते. पण कोवळ्या सावरीच्या खोडावर काटे असतात, फुलं बहुधा लाल. गोरखचिंचेचं खोड बिनकाट्याचं, राखाडी. फूल पांढरं, लोंबतं, संध्याकाळी उमलणारं.

बी फार टणक. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, आतला फिका रंग दिसला की थांबा. कोमट पाण्यात २४ तास भिजवा, फुगलेलं तेवढंच २ सेंटीमीटर खोल पेरा. मातीत निम्मी जाड वाळू हवीच. पुण्यात एप्रिल-मे उत्तम. रोपाची पहिली पानं एकेरी येतात, पंजासारखी नाही. भलतंच उगवलं समजून उपटू नका!

हिवाळ्यात पानं गळली की लोक पाणी वाढवतात आणि मूळ सडतं. तेव्हा कुंडीतल्या रोपाचं पाणी जवळजवळ बंदच ठेवा.