पोळीचा हात विसरा, मग पाव जमेल

माझा पहिला पाव ओट्यावर ठेवला तर टक्क आवाज आला. बायको म्हणाली, "दाराला लावायला बरा आहे." चूक साधी होती. मी पोळीची कणीक मळली होती, आणि पावाला त्याहून बरंच जास्त पाणी लागतं.

नाशिकच्या सातपूरला कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय मला करमत नाही. ५०० ग्रॅम कणीक, ३८० मिली पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, चमचाभर गूळ, दोन मोठे चमचे तेल. बस्स.

गहू मी लोकवन घेतो. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांत त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आपल्याच भागातली नावं आहेत. पण नावाला भुलून पावासाठी गोदावरी घेऊ नका. तो बन्सी गहू, रव्याला आणि शेवयांना छान. त्याची कणीक ताणली की तुटते. गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि दळण घरी आणून पूर्ण गार होऊ द्या.

पीठ चाळा, पण कोंडा टाकू नका, लागणार आहे. वाटीभर पाणी बाजूला ठेवून बाकीच्यात पीठ नुसतं कालवा आणि अर्धा तास झाका. चाळूनही बारीक कोंडा पिठात राहतोच. तो कोरडा असला की कणकेचे ताणे कापत जातो, भिजला की मवाळ होतो. ही पायरी मी पहिली दोन वर्षं आळसाने गाळायचो. मग बाजूचं पाणी कोमट करून (बोटाला चटका बसला तर यीस्ट मेलंच समजा) त्यात गूळ, यीस्ट विरघळवा आणि मीठ-तेलासकट कणकेत घाला.

आता मळणं. पहिली चार-पाच मिनिटं कणीक बोटांना, परातीला, घड्याळाच्या पट्ट्याला, सगळ्याला चिकटते. वरून पीठ भुरभुरायचा मोह होतो. नाही. हात पाण्यात बुडवा आणि चालू ठेवा: तळव्याने पुढे रेटायचं, दुमडायचं, चतकोर फेरा फिरवायचं. साधारण आठव्या मिनिटाला पचपच आवाज थांबतो आणि कणीक आपण होऊन परात सोडते. हा क्षण कुठल्याही यंत्रावर हाताला कळत नाही. मी सुपारीएवढा गोळा घेऊन खिडकीसमोर हलकेच ताणतो. पडदा पातळ होतो, उजेड आरपार येतो आणि त्यात कोंड्याचे ठिपके दिसतात. मैद्यापेक्षा लवकर फाटतो, तेवढं चालतं. अजून चार मिनिटं मळलं की झालं.

झाकून दुप्पट होऊ द्या. मे महिन्यात पाऊण तास पुरतो; जानेवारीत मात्र अडीच तासही लागतात. तेव्हा बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या भांड्याशेजारी परात ठेवतो.

मग हवा काढून कणीक चौकोनी थापा आणि अळूवडीचा उंडा वळतो तशी घट्ट गुंडाळी करा. सैल राहिली तर कापल्यावर मधे भोक दिसेल. डब्याला तेल लावून तो कोंडा भुरभुरा, गुंडाळी ठेवा, काठाच्या बोटभर वर आली की २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं. बाहेर काढून उलटा करा, बुडाला टिचकी मारा. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला पाहिजे. माझ्या पहिल्या पावाचा असा नव्हता.

तासभर कापू नका, नाहीतर आतून गिच्च लागेल. घरभर वास सुटलेला असतो, म्हणून मी त्या वेळात चपला घालून गंगापूर रोडला भाजी आणायला जातो.

मिसळीबरोबर मुलगा हा पाव चालवून घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे; रस्सा नीट शोषत नाही. लोणी आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर मात्र भलताच छान लागतो. परत येतो तोवर कडेचा कुरकुरीत तुकडा बायकोने कापलेला असतो.