मँगो स्टिकी राइसचा भात कडक होत होता, तो असा जमला

थाई गोडात माझं सगळ्यात आवडतं म्हणजे खाओ निआव मामुआंग, आंब्यासोबतचा नारळाच्या दुधातला चिकट भात. घरी केला की एकतर लगदा व्हायचा नाहीतर दाणे आतून कडक.

पहिली गोष्ट तांदूळ. ग्लुटिनस म्हणजे चिकट जातीचाच लागतो, त्यात अमायलोज (दाणे सुटे ठेवणारा स्टार्चचा प्रकार) जवळपास नसतं म्हणून तो चिकटतो, आपला इंद्रायणी कितीही मऊ असला तरी चालत नाही (आसामचा बोरा साऊळ मिळाला तर बघा, तो याच प्रकारातला). आणि हा पाण्यात शिजवायचा नाही, वाफवायचा. रात्रभर भिजवून, पाणी निथळून, मोदकपात्रात ओल्या फडक्यावर 25 मिनिटं, मध्ये एकदा उलटायचा.

खरा फरक पडला तो पुढे. 1 वाटी तांदळाला पाऊण वाटी घट्ट नारळाचं दूध, पाव वाटी साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, हे नुसतं गरम करायचं, खळखळ उकळलं की फाटतं. भात वाफाळता असतानाच त्यावर ओतायचं, हलक्या हाताने फिरवून अर्धा तास झाकून ठेवायचं. आधी खिरीसारखं दिसतं, घाबरू नका, दाणा सगळं पिऊन घेतो. भात गार झाल्यावर ओतलं तर दूध बाहेरच राहतं.

मीठ कमी करू नका प्लीज, वरून घालायचं दूधही थाई लोक खारटसरच ठेवतात, तांदळाच्या पिठीने जरा दाट करून. त्यावर भाजलेली मूगडाळ. तिकडे नाम दोक माई आंबा घेतात, मी हापूस घेते, मस्त लागतो. उरलेला भात फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, परत कडक होतो.