गावच्या मांडवात 'सखाराम बाइंडर': पुनःप्रयोगाची तयारी

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत धान घरात आल्यावर नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे विजय तेंडुलकरांचे १९७२ सालचे हे नाटक आपल्या मंडळाला करायचे असेल, तर पावसाळ्यातच कामाला लागावे. तेंडुलकरांचे निधन २००८ मध्ये झाले असल्याने स्वामित्वहक्क अजून शाबूत आहे, म्हणून लेखी परवानगी आधी घ्यावी. नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही जवळ ठेवावे. मूळ प्रयोगाला सेन्सॉरशी न्यायालयात झगडावे लागले होते, तेव्हा गावातही हरकत घेणारा निघेल असे धरून चालावे.

सखारामच्या भूमिकेसाठी चित्रपटातील नट आणल्यास तिकिटे खपतात, हे खरे. परंतु तो प्रयोगाच्या संध्याकाळी गाडीतून उतरणार असेल, तर न आणलेला बरा. लक्ष्मी आणि चंपा करणाऱ्या स्थानिक नटींसोबत त्याच्या तालमी झाल्याच पाहिजेत, कारण मारहाणीचे प्रसंग अंतर आणि हात ठरवल्याशिवाय करणे धोक्याचे असते.

खरी कसोटी आवाजाची आहे. या नाटकात दबलेले बोलणे आणि शांतता यांना फार महत्त्व असल्याने जनरेटर मांडवापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावा, टांगते माइक स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली अशा दोन्ही जागी बांधावेत व सखाराम मृदंग वाजवतो तेव्हा त्यांचा आवाज उतरवावा. मध्ये लावणी घालण्याचा आग्रह होईल. तो ठामपणे नाकारावा. जाहिरातीत 'केवळ प्रौढांसाठी' हे शब्द नटाच्या छायाचित्राइतकेच ठळक छापावेत.