बजीला शब्दाचा अर्थ कसा शिकवायचा

आपल्याकडे अर्थ न कळता घोकणं म्हणजे पोपटपंची, आणि मला हा शब्द ऐकला की पोपटांसाठी खरंच वाईट वाटतं. आपणच पिंजऱ्यासमोर उभं राहून पन्नास वेळा "मिठू मिठू" करतो, त्या मिठूचा त्या बिचाऱ्याला काही उपयोग नसतो, मग तो नुसता आवाजच उचलणार ना. ज्या शब्दाने हातात काहीतरी मिळतं तो शब्द पक्षी लक्षात ठेवतो, बाकी सगळं ह्या एका गोष्टीभोवती आहे.

आधी एक महत्त्वाचं. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२ चा) गुन्हा आहे, कुणी विकत असेल तरी घेऊ नका. मी सांगतेय ते बजी (म्हणजे बजरीगर), कॉकटील अशा छोट्या पाळीव पोपटांसाठी. बजी एवढासा असला तरी कमी समजू नका, कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीचे १७२८ शब्द गिनीज रेकॉर्डमध्ये आहेत.

पण अर्थाचं म्हणाल तर अ‍ॅलेक्स. आयरीन पेपरबर्ग या शास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका पेट शॉपमधून हा आफ्रिकन ग्रे, म्हणजे राखाडी पोपट, घेतला आणि २००७ मध्ये तो जाईपर्यंत, म्हणजे ३० वर्षं, त्याला शिकवलं. शंभरेक शब्द, ७ रंग, ५ आकार, ६ पर्यंत मोजणं, आणि दोन वस्तू दाखवून "वेगळं काय" विचारलं तर "रंग" की "आकार" ते सांगायचा. मला सगळ्यात आवडतं ते हे की केळं मागितल्यावर दुसरंच काही दिलं तर ते टाकून द्यायचा आणि परत केळंच मागायचा. शब्द कळतो म्हणजे काय ते ह्यात आलं.

त्यांची पद्धत घरी जमते, फक्त दोन माणसं लागतात. पक्ष्यासमोर एकाने वस्तू धरून विचारायचं "हे काय?", दुसऱ्या माणसाने नाव सांगायचं आणि ती वस्तू त्या माणसालाच लगेच मिळायची, बिस्कीट वगैरे नाही, तीच वस्तू. मधूनच मुद्दाम चुकीचं नाव सांगायचं, मग "नाही" म्हणून वस्तू लपवायची. नंतर भूमिका बदलायच्या, म्हणजे विचारणारा कायम एकच नाही हे पक्ष्याला दिसतं. दुसऱ्याला मिळतंय आणि मला नाही, ह्यानेच तो पुढे सरकतो.

आमच्याकडे मी आणि आई बसतो, सकाळी त्याने खायच्या आधी पाचच मिनिटं, आणि संध्याकाळी पाच. टिंकू आमचा बजी, अडीच वर्षांचा. शब्द दोनच घेतले, "कणीस" म्हणजे राळ्याचं कणीस आणि "घुंगरू". ऐकायला अगदी वेगळे शब्द घ्या, आणि घरात सगळ्यांनी तोच शब्द म्हणायचा, आमचे बाबा पहिले आठ दिवस कणसाला "खाऊ" म्हणत होते आणि टिंकूचा पार गोंधळ झाला होता. पहिले दोन आठवडे तो नुसता बघायचा, म्हणजे मान वाकडी करून एक डोळा आईच्या हातावर, डोक्यावरची पिसं किंचित उभी, चोच हलत नाही. मला वाटायचं काही होत नाहीये पण तेव्हाच तो शिकत असतो, त्या वेळी घाई करून वस्तू त्याच्या चोचीपाशी नेऊ नका, घाबरला की परत पहिल्यापासून. साधारण महिन्याने आई "घुंगरू" म्हणाली आणि मी उत्तर द्यायच्या आत तो दांडीवरून टुणकन उतरला आणि कणीस सोडून घुंगराला चोच लावली!! बोलला काहीच नाही. पण पक्षी बोलला नाही म्हणजे कळत नाही असं नसतं, बजीच्या माद्या तर फार कमी बोलतात.

आता खरंच कळलंय का हे तपासायचं, आणि इथे बरेच जण फसतात, कारण आपण नकळत त्या वस्तूकडे बघतो आणि पक्षी आपली नजर पकडतो. म्हणून दोन्ही वस्तू दुसऱ्या कुणीतरी ठेवायच्या, दर वेळी डावी-उजवी बाजू बदलून, आणि शब्द म्हणणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं. १० पैकी ५ तर नुसत्या नशिबानेही येतात, ८-९ येत असतील आणि तेही तीन-चार दिवस सलग, तेव्हा मी मानते. तिसरा शब्द त्यानंतरच.

मोबाईलवर शब्द रेकॉर्ड करून दिवसभर लावून ठेवू नका प्लीज. मला पक्षी घेताना दुकानात हेच सांगितलं होतं आणि मी दीड महिना तेच केलं, टिंकूने त्यातला एक शब्द उचलला खरा पण त्याचा कशाशीही संबंध नव्हता. पेपरबर्ग यांनीही नुसत्या टेप आणि व्हिडिओवर शिकवून पाहिलं होतं, त्यांचे ग्रे अर्थासकट शिकलेच नाहीत. बजी रानात थव्यात राहतात, जवळच्यांची हाक उचलून आपली हाक त्यांच्यासारखी करतात, त्यामुळे समोर जिवंत कुणीतरी हवंच, घरात आता तुम्हीच त्याचा थवा.

आणि शिकवायला स्वयंपाकघरात बसत असाल तर नॉनस्टिक तवा गॅसवर नको, जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट बक्षीस म्हणून चुकूनही नाही. टिंकूचा पुढचा शब्द "पाणी" घेतलाय, वाटीत अंघोळ करायला त्याला फार आवडतं म्हणून, सध्या आई "पाणी" म्हणते आणि मी माझीच बोटं वाटीत बुडवते, आणि तो बघत बसतो.