होमस्टेची वेबसाइट गूगलवर वर कशी आणावी

गोव्यातल्या पेडण्यात माझ्या मावशीचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. वेबसाइट तयार होऊन पाच महिने झाले, तरी गूगलवर ती नावाने शोधूनही सापडत नव्हती. पैसे मोजले होते, साइट बघून आलेला फोन मात्र एकही नाही. मावशी अगदी हवालदिल झाली होती. शेवटी दोष सापडला तो एका छोट्या चौकोनात. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर होती, आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान असतं. ही साइट शोधात दाखवू नका, असं सर्च इंजिनांना सांगणारी एक खूण तिथे असते. साइट बनत असताना ती चालू ठेवतात आणि नंतर काढायची राहून जाते.

म्हणून पहिलं काम हेच. गूगलमध्ये रोमन अक्षरांत 'साइट' हा शब्द लिहा, त्याला चिकटून कोलन आणि कोलनला चिकटून तुमच्या वेबसाइटचा पत्ता. मध्ये कुठेही जागा सोडू नका. तुमची पानं दिसली तर पुढे चला, काहीच दिसलं नाही तर ती खूण तपासा. मग गूगल सर्च कन्सोलवर, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सोयीवर, साइट जोडा आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. ही सोय मोफत आहे. खातं स्वतःच्याच जीमेलवर उघडा, साइट बनवणाऱ्याच्या नको.

दुसरं काम वहीतलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. फोनजवळ एक वही ठेवा आणि पंधरा दिवस गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. मावशीच्या वहीत असं जमलं: 'पेडणे स्टेशनला उतरू की थिवीला?' 'आमचं विमान दाबोळीला आहे, मोपाला नाही, मग यायला किती वेळ लागेल?' 'आईला जिना चढवत नाही, खाली खोली आहे का?' 'सोमवारी शाकाहारी जेवण मिळेल ना?' जे फोनवर विचारतात तेच लोक गूगलमध्ये लिहितात. साइटवर मात्र पहिलंच वाक्य होतं, 'निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव'. हे शब्द घेऊन खोली शोधायला कोण बसणार?

ते वाक्य काढलं आणि वहीतल्या प्रश्नांची उत्तरं लिहिली. 'कसं यावं' हे वेगळं पान झालं, जेवणाचं वेगळं. प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक दिलं, कारण आधी सगळ्या पानांवर फक्त 'होम' होतं. आता मुख्य पानावर आहे: 'पेडण्यात घरगुती होमस्टे, मोपा विमानतळाजवळ, घरच्या जेवणासह'. विमानतळाचं अधिकृत नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण लोकांच्या तोंडी मोपाच आहे. शीर्षकात लोकांचा शब्द घ्या, अधिकृत नाव मजकुरात येऊ द्या.

गोव्यात नावांचा घोळ मोठा. आपण म्हणतो पेडणे, पण रोमन पाटीवर 'पेर्नेम' असतं. डिचोलीचं 'बिचोलिम' होतं, म्हापशाचं 'मापुसा'. मुंबई-दिल्लीचा पाहुणा पाटीवरचं नाव लिहितो. कोल्हापूर-बेळगावचा माणूस मराठीतूनही शोधतो. इंग्रजी पानावर रोमन नाव ठेवा आणि मराठी पान वेगळं, स्वतः बसून लिहा. एकच नाव वीस वेळा कोंबू नका. गूगल त्याला स्पॅम समजतं आणि वाचणाऱ्यालाही ते टोचतं.

आता नकाशा. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावरची तुमच्या व्यवसायाची नोंद, हीसुद्धा मोफत आहे. जवळचं ठिकाण दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी मेळ, अंतर आणि ठिकाणाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नसतं, पण पिन, म्हणजे नकाशावरची जागेची खूण, असते. आपल्याकडचे पत्ते घर क्रमांक, वाडा, गाव असे असतात, त्यामुळे पिन सहज चुकते. मावशीची पिन पलीकडच्या वाड्यावर पडली होती आणि पाहुणे देवळापाशी उभे राहून फोन करत होते. पिन दारावर आणा. प्रोफाइलवर पाटीवरचंच नाव लिहा. त्यात 'बेस्ट', 'स्वस्त' जोडणं नियमाबाहेर आहे. चवथीला बंद ठेवणार असाल तर तसं आधीच नोंदवा. निघताना पाहुण्याला अभिप्राय लिहायला जरूर सांगा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका. तेही नियमात बसत नाही.

फोटो मोबाइलवरून थेट चढवले की एकेक चार-पाच एमबीचा होतो आणि पान रखडतं. दोनशे केबीच्या आसपास आणा. मग पेजस्पीड इनसाइट्स या पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या साइटवर पत्ता टाकून बघा: पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा.

दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका विकत घेऊ नका. गावातला स्कूटर भाड्याने देणारा, ओळखीचा मसाल्याच्या बागेचा मालक यांच्या साइटवर तुमचं नाव आलं तर ते खरं. आणि पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका, तशी हमी कुणालाच देता येत नाही.

हे सगळं जूनमध्ये, पाऊस लागला की हाती घ्या. बदलांचा परिणाम दिसायला कधी काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि दिवाळीनंतर हंगाम डोक्यावर असतो. तोवर महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये बघा, कोणत्या शोधांत तुमचं पान आठव्या ते पंधराव्या जागेवर अडकलंय. आधी ती पानं सुधारा. मावशीच्या साइटवर तळमजल्याच्या खोलीचा शोध असा अडकला होता, कारण ते उत्तर एका लांब परिच्छेदात दडलं होतं. आम्ही त्याला स्वतंत्र पान दिलं आणि वर फोटो लावला: खोलीचं दार, सपाट उंबरा आणि अंगणापर्यंतची फरसबंदी.